चार इंचांना जरासा कमी

घाबरू नका मित्रांनो, मी मिटलेला आहे.

मी एक जुना, घडीचा, खिशात मावणारा चाकू. वय वर्षं शेहेचाळीस. मूठ शिसवी, रिवेट पितळेचे. धारेबद्दल स्वतः काय सांगू? एवढंच सांगतो, की माझी परीक्षा घ्यायला ज्यांनी ज्यांनी अंगठा फिरवला, त्यांनी पुढच्या क्षणाला आपापल्या आईची आठवण काढली.

माझा जन्म पिंपरीच्या एका कारखान्यातला, १९६१ सालचा. तिथल्या टूलरूममध्ये चंद्रहास नावाचा वीस वर्षांचा अप्रेंटिस होता. लोखंड कापणाऱ्या यंत्राच्या करवतीचं पातं एके दिवशी काडकन मोडलं. लोकांनी ते भंगाराच्या पेटीत टाकलं, चंद्रहासनं ते उचललं. पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खायचा आणि दुसऱ्या हातानं मला ग्राइंडरवर धरायचं, असा त्याचा उद्योग. थोडं घासायचं की लगेच पाण्यात बुडवायचं. पातं तापलं की त्याचा कडकपणा जातो, मग ते पोळीला तूप लावण्यापुरतं उरतं.

सोळाव्या दिवशी फोरमन सुधाकर मागे येऊन उभा राहिला.

"काय रे चंद्या, कंपनीच्या वेळात घरचं काम?"

"साहेब, सुट्टीत करतोय."

"आण इकडे."

सुधाकरनं खिशातून मोसंबं काढलं, माझ्या पात्यानं ते सोललं, सगळंच्या सगळं खाल्लं आणि मला आपल्या विजारीला पुसलं. म्हणाला, "वाईट नाहीये. मलाही एक करून दे. आणि बोलू नकोस कुणाला." मित्रांनो, ही माझी पहिली स्तुती.

तेव्हापासून मी चंद्रहासच्या उजव्या खिशात. काय काय कापलं म्हणून सांगू! पोत्यांच्या सुतळ्या, सायकलच्या ट्यूब, हापूस, पायरी, पतंगाचा मांजा. त्याच्या लग्नात नवरीच्या, म्हणजे सुचित्राच्या, मुंडावळ्यांची गाठ सुटेना, तर यानं भर मांडवात मला उघडलं. भटजी दोन पावलं मागे सरकले. "अहो, मंगलकार्य आहे, हत्यार काय काढता!" सुचित्रा मात्र खुदकन हसली. पुढे त्यांच्या मुलाच्या, शिरीषच्या, बोर्डाच्या परीक्षेतल्या पेन्सिलींना टोकं मीच काढली. त्याला भूमितीत नव्वदच्या वर मार्क पडले. मार्कशीटवर नाव एकट्याचंच आलं, पण असू दे.

आणि वर्षातून एक दिवस माझा. खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात सगळी यंत्रं बंद. हत्यारं स्वच्छ पुसायची, मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काडीचं काम करून घ्यायचं नाही. मोठमोठ्या लेथ मशिनींच्या ओळीत एका फडक्यावर मी असायचो, एवढुसा. पण कुंकू मलाही तेवढंच.

सुचित्रा गेली आणि २००५ साली चंद्रहास ऑकलंडला शिरीषकडे राहायला आले. आता त्यांना 'अरे-तुरे' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीही अहो-जाहो म्हणतो. शिरीष कॉम्प्युटरमधला, सून विनया फार्मसिस्ट, नात सलोनी आठ वर्षांची. इथल्या ओट्यावर एक लाकडी ठोकळा आहे आणि त्यात सहा परदेशी सुऱ्या खोचलेल्या. दिसायला काय रुबाब! पण आणल्यापासून एकीलाही धार लावलेली नाही. टोमॅटो त्यांच्याखाली कापला जात नाही, चेंगरून मरतो.

माझं काम इथे एकच उरलं, पण काय काम होतं! सलोनी शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि म्हणायची, "आबा, ॲपल! नो स्किन, ओके?" मग आबा सालीची एक सलग लांबच लांब पट्टी काढायचे आणि ती तिच्या गळ्यात घालायचे. ती इंग्रजीत बोलायची, ते मराठीत, आणि दोघांचं कधी अडलं नाही.

मग गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. सप्टेंबरात एका दुपारी मी निसटलो. मुद्दाम नाही मित्रांनो, शपथ! त्यांच्या अंगठ्याला दोन टाके पडले. शिरीष ऑफिसातून धावत आला, तोंड पांढरंफटक. तेव्हापासून तो माझ्याकडे असा बघायचा, की मी जणू घरात शिरलेला चोर.

ऑक्टोबरात लेबर वीकेंडची सुट्टी आली. शिरीषनं तीन रात्रींची क्रूझ ठरवली. ऑकलंडहून निघायचं, बे ऑफ आयलंड्स बघायचं, परत यायचं. बोटीच्या कंपनीनं पाठवलेला नियमांचा कागद हातात घेऊन तो हॉलमध्ये उभा राहिला, आणि वर्गात बाई उभ्या राहतात तसा म्हणाला, "सगळ्यांनी ऐका. बोटीवर धारदार काहीही न्यायचं नाही. चाकू, सुरी, कात्री, काही म्हणजे काही नाही. बाबा, तुमचा तो चाकूसुद्धा."

"एवढासा आहे रे तो," आबा म्हणाले.

"नियम म्हणजे नियम, बाबा. पकडला तर सगळ्यांना उतरवतील."

आबांचा हात खिशात आला आणि त्यांनी मला मुठीत धरलं. तो हात थरथरत होता, पण आजाराचं थरथरणं कुठलं आणि मनाचं कुठलं, हे शेहेचाळीस वर्षांच्या सोबतीनंतर मला कळतं.

शिरीष कामाला गेला, कागद मात्र टेबलावरच राहिला. टूलरूममधला माणूस नियम ऐकीव घेत नाही. आबांनी चष्मा लावला, वर भिंग धरलं आणि कागद ओळ न ओळ वाचला. अकराव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, की चार इंच किंवा त्याहून मोठं पातं असलेले चाकू नेता येणार नाहीत.

'पोरानं घाईत वाचलं वाटतं,' ते पुटपुटले. ट्रंकेतून त्यांनी आपला जुना व्हर्निअर काढला. व्हर्निअर म्हणजे जाडी-लांबी काटेकोर मोजायचं दांड्यासारखं माप, याचे जबडे सरकतात. मला उघडून त्याच्या जबड्यात धरलं आणि श्वास रोखून वाचलं. एकशे एक पूर्णांक चार मिलिमीटर. चार इंच म्हणजे एकशे एक पूर्णांक सहा.

"पास!" आबा हसले. "दोन दशांशानं पास!"

खरी गंमत सांगू? नवा होतो तेव्हा मी चांगला एकशे पाचाचा होतो. दगडावर धार लावून लावून टोक झिजलं. म्हातारपणानं लोकांचं काय होतं ते होवो, मला त्यानं कायदेशीर करून टाकलं.

निघायच्या सकाळी शिरीषनं विचारलं, "बाबा, चाकू ठेवलात ना?"

"ठेवलाय. योग्य जागी ठेवलाय," आबा म्हणाले आणि खिसा थोपटला. मागच्या खिशात व्हर्निअर होता. न जाणो, कुणी पुरावा मागितला तर!

त्या दिवशी तारीख होती वीस ऑक्टोबर. शनिवार. खंडेनवमी.

बंदरावरच्या त्या मोठ्या शेडमध्ये बॅगा तपासायचं यंत्र होतं आणि त्यामागे आरोहा नावाची एक धिप्पाड, हसतमुख माओरी बाई. "किया ओरा, फॅमिली! काही धारदार?"

"नथिंग," शिरीष छाती काढून म्हणाला. "मी स्वतः चेक केलंय."

त्याची बॅग यंत्रात गेली आणि यंत्र थांबलं. आरोहानं बॅग उघडून शिरीषचा किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला. त्याला ऑफिसनं दिवाळीला, म्हणजे इथल्या ख्रिसमसला, भेट दिलेली पक्कड होती. त्या पकडीच्या पोटातून आरोहानं एकेक पातं उलगडायला सुरुवात केली. चाकू, करवत, कानस, कात्री, आणखी एक चाकू, डबा फोडायचं, बूच काढायचं. टेबलावर एक स्टीलचा खेकडाच उभा राहिला.

"नथिंग?" आरोहानं भुवई उचलली.

"अगं, ते... ते किल्ल्यांचं आहे," शिरीष म्हणाला, चक्क मराठीत.

"व्वा," विनया म्हणाली, "घरभर भाषण कुणी दिलं होतं रे?"

तेवढ्यात तिची सुटकेस यंत्रात गेली. यंत्र नुसतं थांबलं नाही, त्यानं घंटा वाजवली. आरोहानं जुन्या साडीत गुंडाळलेला ऐवज काढला, साडी सोडली, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी "होली...!" म्हणालं. आत घडीची विळी होती! पाट, वाकडं पातं आणि टोकाला खोबरं खवायचं दातेरी फूल.

शिरीष पुढे वाकला. "विनया? तू? विळी?"

"बाबांचा नवरात्राचा उपवास आहे. आज काय खाणार ते बोटीवर? बुफेत काकडीची चाकं मिळतात, खमंग काकडीला ती बारीक चोचवलेली लागते. तुझ्या त्या बोथट सुऱ्यांनी चोचवून दाखव."

"व्हॉट डझ इट डू?" आरोहानं विळीपासून हात लांब ठेवत विचारलं.

विनया फार्मसिस्ट आहे. औषध कसं घ्यायचं ते माणसाला नीट कळेपर्यंत समजावून सांगायची तिला सवय. तिनं विळी जमिनीवर ठेवली, जीन्सचे पाय दुमडले, एक पाय पाटावर रोवला आणि नसलेला कोबी दोन्ही हातांनी सपासप चिरायला लागली. "यू सी, नाइफ इज नॉट मूव्हिंग. कॅबेज इज मूव्हिंग."

"मम! गेट अप! एव्हरीवन इज लुकिंग!" सलोनीनं टोपी नाकापर्यंत ओढून घेतली.

"बघू दे. शिकतील," विनया म्हणाली.

विळी चार इंचांहून मोठी म्हणून आणि पक्कड अवजार म्हणून, दोन्ही एका करड्या ट्रेमध्ये गेल्या. परत येईपर्यंत त्या कंपनीच्या कपाटात बंद राहणार होत्या. शिरीष धातू शोधणाऱ्या कमानीतून पलीकडे गेला आणि बुटांच्या नाड्या बांधत बसला. मग आबा पुढे आले. त्यांनी मला खिशातून काढलं आणि दोन्ही तळव्यांवर ठेवून आरोहाच्या पुढे केलं.

"मॅडम, धिस इज माय नाइफ. बिलो फोर इंच."

आरोहानं मला उघडलं, आपली प्लॅस्टिकची पट्टी लावली. "मला तर बरोब्बर चारच दिसतायत, डिअर."

"युअर स्केल इज थिक," आबा नम्रपणे म्हणाले आणि मागच्या खिशातून व्हर्निअर काढला. थरथरत्या हातानं त्यांनी तो मला लावला, रेघेला रेघ जुळवली आणि तिला भिंग दिलं. आरोहानं वाचलं. पुन्हा वाचलं. "वन ओ वन पॉइंट फोर. स्वीट ॲज! चाकू चालेल." 'स्वीट ॲज' म्हणजे इथलं 'झकास'. मग तिची नजर व्हर्निअरच्या जबड्यांवर गेली. वर दोन टोकं, खाली दोन टोकं, सुयांसारखी. "पण हे काय आहे? याला चार अणकुचीदार टोकं आहेत. हे नाही नेता येणार."

बघा मित्रांनो! आरोपी सुटला आणि साक्षीदाराला अटक झाली. बिचारा व्हर्निअर, आयुष्यात त्यानं काकडीसुद्धा कापली नव्हती.

आबांनी विरोध केला नाही. ट्रेमध्ये विळी, पक्कड, व्हर्निअर ओळीनं पडलेले बघून ते म्हणाले, "मॅडम, वन मिनिट. टुडे इज टूल्स' हॉलिडे."

"इथे सोमवारी कामगारांची सुट्टी आहे," आरोहा म्हणाली.

"येस येस. मंडे वर्कर हॉलिडे, टुडे टूल हॉलिडे. वी गिव्ह रिस्पेक्ट." त्यांनी मला त्या तिघांशेजारी ठेवलं आणि शर्टाच्या खिशातून कुंकवाची पुडी काढली.

"माझ्या कोरोचा मासे साफ करायचा सुरा होता," आरोहा म्हणाली. कोरो म्हणजे त्यांच्यात आजोबा. "त्याच्याशी ते बोलायचे. गो ऑन, डिअर."

आबांनी चिमूट घेतली, माझ्या मुठीवर टेकवली, आणि नेमका तेव्हाच हात दगा देऊन गेला. एक मोठा झटका आला आणि पुडी उलटली. ट्रे लाल, टेबल लाल, आबांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या लाल, आणि मधोमध उघडा मी, लालबुंद.

पलीकडच्या टेबलावरच्या पहारेकऱ्यानं एवढंच बघितलं. एक म्हातारा, एक चाकू आणि सगळीकडे लाल. "मेडिकल! मेडिकल!" तो ओरडला. रांगेतली एक बाई किंचाळली. कुणीतरी आबांच्या हाताला टॉवेल गुंडाळायला धावलं, आणि एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवतारात शिरीष कमानीतून उलटा पळत आला. कमान कर्कश वाजायला लागली.

"बाबा! कुठे लागलं? दाखवा! दाखवा म्हणतो ना!" त्यानं बापाचे दोन्ही हात घट्ट धरले होते. "म्हणून मी सांगत होतो नेऊ नका! नियमात तसं काही नव्हतं बाबा, मी खोटं बोललो! मला भीती वाटते त्या चाकूची!"

नेमकी तेव्हाच कमान वाजायची थांबली.

"शिरीष," आबा हळूच म्हणाले, "कुंकू आहे रे ते."

शिरीषनं आपले लाल झालेले पंजे बघितले. वास घेतला. मग तिथल्याच खुर्चीत मटकन बसला.

"म्हणजे तू तो कागद नीट वाचला होतास?" आबांनी विचारलं.

"वाचला होता."

"मग?"

"मला वाटलं, बोटीचं निमित्त झालं तर तुम्हाला वाईट वाटणार नाही. समोर बसून 'आता चाकू सोडा' असं कसं म्हणायचं तुम्हाला?"

"आणि परत आल्यावर?"

शिरीष खाली बघत म्हणाला, "गॅरेजमध्ये कुठेतरी ठेवून दिला असता."

"आणि मी तो हरवला म्हणून घरभर शोधत बसलो असतो. हाताबरोबर डोकंही गेलं असं मला वाटलं असतं."

विनयानं शिरीषच्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही हे माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

आबांनी खुर्ची ओढली आणि लेकासमोर बसले. "हे बघ. टूलरूममध्ये एखादं मशीन हलायला लागलं तर आम्ही ते लगेच भंगारात नाही काढायचो. जॉब, म्हणजे जी वस्तू कापायची ती, घट्ट बांधायचो. शिकंज्यात आवळायचो. मग हलणारं मशीनही नीट काम करायचं. माझा हात हलतो, ते मला तुझ्याआधी कळलंय. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, की ॲपल धरायला माणूस पाहिजे."

"मी धरेन," शिरीष म्हणाला.

"आज नाही. आज यांना सुट्टी." आबांनी मला पुसलं, मिटलं, आणि शिरीषच्या हातात दिलं. "आजच्या दिवस तुझ्या खिशात ठेव. म्हणजे तुझी भीती जाईल."

आरोहा ट्रेवरचं कुंकू पुसायला निघाली आणि थांबली. "हे राहू दे का असंच?" आबांनी मान हलवली. विळी, पक्कड आणि व्हर्निअर कुंकवासकट कपाटात गेले.

ती रात्र मी शिरीषच्या खिशात काढली. परका खिसा, त्यात च्युइंगमचे कागद. मला झोप लागली नाही. एकदा त्याच्या हातात गेलो, आता परत कसला मिळतोय आबांना, असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी डेकवर वारा होता, उन्हं होती, आणि आबांचा उपवास सुटायचा होता. बुफेतून आणलेलं सफरचंद टेबलावर ठेवलं. शिरीषनं मला काढलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग उघडून, मूठ पुढे करून, बापाच्या हातात दिलं. स्वतः सफरचंद दोन्ही पंज्यांत गच्च आवळलं आणि डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड, गाढवा! शिकंज्याला बघायचं नसतं हे खरं, पण तुला बोटं आहेत!" आबा ओरडले.

उशीर झाला होता. मी शिरीषच्या बोटाला अगदी किंचित, तिळाएवढा, लागलो. एक लाल थेंब आला.

"डॅड," सलोनीनं वाकून बघितलं, "इज दॅट कुंकू?"

आबा हसले ते इतके, की मला खाली ठेवावं लागलं. विनयाही हसली, पट्टी शोधता शोधता. बोटाला पट्टी बांधून शिरीष पुन्हा बसला, यावेळी डोळे टक्क उघडे ठेवून. आबांचा हात हलत होता, पण सफरचंद हलत नव्हतं. साल निघाली. पूर्वीसारखी सलग नाही, दोन ठिकाणी तुटली. सलोनीनं तिन्ही तुकडे मुकाट्यानं गोळा केले आणि तिघांच्या मनगटांवर एकेक गुंडाळला.

खाऊन झाल्यावर तिनं मला नॅपकिननं कोरडं केलं आणि विचारलं, "हूज पॉकेट?"

शिरीषनं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे.

"आबांच्या," तो म्हणाला.

तर मित्रांनो, आम्हा चाकूंची मागणी फार नसते. धार लावा. फळाचं पाणी पात्यावर राहू देऊ नका, बिजागरी गंजते. लहान मुलांच्या हाती एकटं सोडू नका. आणि तुमच्या घरात एखादा हात थरथरायला लागला, तर त्यातून काही काढून घेण्याआधी नियमांचा कागद शोधायला जाऊ नका. त्या हाताच्या माणसासमोर बसा आणि विचारा, "मी काय धरू?"

तो सांगेल. फक्त डोळे उघडे ठेवून धरा.